जिभेचा निकाल

घड्याळवाले आजोबा म्हणजे मुलखाचे काटेकोर. एवढासा स्क्रू हरवला तर सगळं दुकान झाडून काढतील, पण सेल तपासायला मीटर घ्या म्हटलं की हसायचे. घड्याळातला चपटा गोल सेल ते जिभेच्या टोकाला टेकवायचे, एक डोळा मिटायचे आणि निकाल द्यायचे, "जिवंत आहे!" चाळीस वर्षांत आपली जीभ एकदाही चुकली नाही, हे येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे. समोरच्या स्टुलावर त्यांची तीन वर्षांची नात, टिचकी, टकामका बघत बसायची.

एका दुपारी टिचकीच्या तोंडातून लाळेची धार लागली. पाणी पाजलं तर तेही बाहेर. सुनेनं तिला उचललं आणि धूम ठोकली. आजोबाही दुकान उघडं टाकून मागोमाग धावले.

दवाखान्यात फोटो काढला. छातीच्या वरच्या भागात पांढरी गोल चकती दिसली.

"नाणं दिसतंय," तरुण डॉक्टर म्हणाला. "बहुतेक आपोआप खाली सरकेल. संध्याकाळी पुन्हा बघू."

सुनेचा जीव भांड्यात पडला. आजोबांनी मात्र सवयीनं फोटोला नाक लावलं. चकतीच्या कडेला आतून आणखी एक बारीक कडं होतं. असली कड त्यांनी जन्मभर चिमट्यात धरली होती. ते ओरडलेच.

"नाणं नाही हो डॉक्टर! सेल आहे सेल! माझ्या दुकानातला!"

डॉक्टरनं पुन्हा पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. ओल्या जागी अडकलेला सेल तासा-दोन तासांत अन्ननलिका जाळतो, म्हणाला, आणि पळतच सुटला. मोठे डॉक्टर आले, दार बंद झालं. पाऊण तासानं दुर्बिणीतून काढलेला सेल बाहेर आला तो काळा ठिक्कर पडलेला. आत भाजलं होतं, पण भोक पडलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही होतात म्हणून पोर वाचली," सून हुंदके देत म्हणाली. आजोबांनाही ते खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी टिचकीनं डोळे उघडले. घसा दुखत होता, बोलवत नव्हतं.

"असलं काही तोंडात घालतात का गं, सोन्या?" आईनं विचारलं.

टिचकीनं आजोबांकडे पाहिलं. मग जीभ बाहेर काढली, टोकावर बोट टेकवलं आणि एक डोळा मिटला.

सून आधी हसली. मग तिचं हसू ओठांवरच थिजलं, आणि ती सासऱ्यांकडे वळली.