शेजारच्या शिटावरचं पोतं

पौषातलं आभाळ कोरडं ठणठणीत होतं. उत्तरेचं वारं सुटलेलं. सकाळी ऐरणीला हात लागला तर चटका बसावा इतकी ती गारठलेली. सोनईच्या वेशीबाहेर पत्र्याच्या छपराखाली भिमाजी लोहारानं भट्टी पेटवली. एका हातानं भाता ओढायचा आणि दुसऱ्या हातानं निखाऱ्यातलं लोखंड फिरवायचं. दोघांचं काम एकट्यानं करायला गेलं की लोखंड एक तर जळतं, नाहीतर कच्चं राहतं. दोन वर्षांत त्यानं तेही जमवलं होतं.

भाता ओढायची ती त्याची बायको मनकर्णा. ती दोन वर्षांमागं वारली. पोरगा कानिफनाथ पिंपरीला कारखान्यात लागला. त्याची पत्रावर पत्रं, की बाबा, भट्टी बंद करा, हिकडं या. दिवाळीला पोरगा आला तेव्हा रोजच्या कटकटीला वैतागून भिमाजी बोलून गेला, "या हिवाळ्यात एक जरी काम माघारी आलं, तर कुलूप घालून येतो. मग तर झालं?"

समोरच्या हॉटेलात मच्छिंद्र तेव्हा चहा गाळत होता. त्यानं ते ऐकलं, म्हणजे गावानं ऐकलं.

आणि आता छपराखाली उभी होती एक लाल मोटार. जुनी, विलायती, दोनच शिटांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. श्रीरामपूरकडचे मोसंबीवाले बागाईतदार श्रीमंतराव यांनी ती नगरच्या छावणीतल्या कुणा साहेबाकडून घेतली होती.

"भिमाजी," मच्छिंद्र पहिल्याच दिवशी येऊन म्हणाला, "हिला बैल कुठून जुपायचे रं?"

"तुला जुपतो की. लई रिकामा हिंडतोस."

श्रीमंतरावांचं म्हणणं सरळ होतं. "मिस्त्री, खड्ड्यात गेली की मणके खिळखिळे करती, अन् वळणावर म्हशीवानी कलती. फेब्रुवारीत मद्रासकडं जुन्या विमानतळावर शर्यत हाय. घरच्या रस्त्यालाबी नीट पळाली पायजे, अन् शर्यतीलाबी."

मोटारीच्या चारी चाकांवर पोलादी पाटे होते, एकावर एक रचलेले, ट्रकला असतात तसेच पण बोटभर रुंदीचे. भिमाजीनं ते सोडले. एकेक पाटा दोरीला टांगून हातोडीनं वाजवला. ज्याचा आवाज लांबत गेला तो ठेवला, ज्याचा बद्द आला तो फेकला. राहिलेले तापवून त्यांची कमान कमी केली, म्हणजे गाडी आणखी खाली बसेल. करडईच्या तेलात विझवून पोलादाला पुन्हा कडकपणा, म्हणजे पाणी, दिलं. भर म्हणून एकेक नवा पाटा घातला. हादरे गिळणाऱ्या शॉकअपच्या डब्यांत जाड तेल भरलं.

राहिलं ते वजन देऊन बघणं. इथं त्यांच्या घरची एक रीत होती. नवा छकडा झाला की मालकाच्या शेजारी लोहाराच्या बायकोनं बसायचं, मग लोहार चारी बाजूंनी काठी लावून छकडा समतोल आहे का बघणार. तीस वर्षं मनकर्णा बसली. आता कोण? भिमाजी ड्रायव्हरच्या शिटावर उजवीकडे बसला आणि डावीकडे त्यानं बाजरीचं पोतं ठेवलं. मनकर्णाचं वजन अंदाजानं धरलं. दवाखान्यात नेताना तिला उचललं तेव्हा ती निम्मी झाली होती. ते वजन त्यानं धरलं नाही, आधीचं धरलं.

पोत्यासकट मोटार पाण्यासारखी समतोल बसली.

तिसऱ्या दिवशी श्रीमंतराव आले, पोतं खाली ठेवलं आणि घोडेगावच्या रस्त्यानं गेले. अर्ध्या तासात परत.

"मिस्त्री, खड्डे कळत न्हाईत, झकास. पण डाव्या वळणाला डावं चाक भुई सोडतंय. शर्यतीत अशानं उलटायची."

भिमाजी चाकाकडं बघतच राहिला. "शेजारी कोन हुतं तुमच्या?"

"कोन असनार? शर्यतीत एकट्यानंच बसायचं असतं."

"मग दोन शिटा कशाला ठिवल्यात?"

"ते बांधनाऱ्या सायबाला इचारा," श्रीमंतराव हसले.

भिमाजीच्या उभ्या हयातीत त्याच्या हातचं वाहन एकट्या माणसानं हाकल्याचं त्याला आठवत नव्हतं. बाजाराला जायचं तरी चार जणं लटकायची.

हॉटेलातून मच्छिंद्र ओरडला, "काम माघारी आलं की रं! पिंपरीला कधी निघायचं?"

श्रीमंतरावांना भिमाजीनं उद्या यायला सांगितलं. मग पोत्याविना एकटाच ड्रायव्हरच्या शिटावर बसला. बसल्या बसल्या दोन्हीकडं वाकून काठी लावली. डावी बाजू दोन बोटं वर. एकट्या माणसाचा भार एकाच अंगाला येतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी त्यानं ते धरलं नव्हतं.

दिवस मावळेपर्यंत त्यानं डावीकडचे पाटे पुन्हा बांधले. दोन्ही डाव्या चाकांवरचा एकेक पाटा असा, की मधला बोल्ट सोडला की निघेल.

दुसऱ्या दिवशी ते पाटे तसेच ठेवून श्रीमंतरावांनी मोटार काढली. "बसा शेजारी. पोतं नको."

भिमाजी डावीकडे बसला. मोटार घोडेगावच्या रस्त्याला लागली. शेजारच्या शिटावरून रस्ता वेगळाच दिसत होता. छकड्यावर मालकाच्या शेजारी बसून तीस वर्षं मनकर्णाला तो असाच दिसत असणार, आणि त्यानं कधी विचारलं नव्हतं.

परत येऊन त्यानं ते दोन पाटे काढले. श्रीमंतराव एकटेच गेले, ओढ्याजवळच्या वळणावर पाच-सहा वेळा फिरले. भिमाजी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून डावं चाक बघत होता. चाकानं भुई सोडली नाही.

"बसलं, मिस्त्री!"

"ऱ्हावू द्या मग. दोघं असला तवा पाटे घाला, एकटं असला तवा काढा."

काढलेले पाटे त्यानं गोणपाटात बांधून दिले. मोटार धुरळा करत गेली. छपराखाली एकदम लई जागा झाली.

मच्छिंद्र चहा घेऊन आला. "म्हंजे काम जमलं, अन् पिंपरीला जायाचं ऱ्हायलं का?"

"ऱ्हायलं."

"बरं झालं की मग. आसं तोंड का?"

"च्यात साखर कमी हाय."

चहा संपवून भिमाजी उठला. कोपऱ्यातल्या पोत्याचं तोंड सोडलं, एकट्याला आठवडाभर पुरेल एवढी बाजरी डब्यात काढली, आणि गिरणी बंद व्हायच्या आत दळण टाकायला निघाला.