केशरी पानांचा जाहीर निषेध

तुमच्या अंगणात ऑक्टोबरात कुठल्या झाडाची पानं केशरी होऊन गळतात, ते मला सांगाल का?

आमच्या चौलला एकाही झाडाची गळत नाहीत. पाऊस थांबतो, ऊन तापतं, भात पिवळं पडतं आणि नारळी-पोफळी होत्या तशाच हिरव्या राहतात. पडलंच तर पोफळीचं अख्खं पान धप्पकन खाली येतं. त्याच्या बुडाशी चामड्यासारखी रुंद, जाड विरी असते. त्या विरीत पोराला बसवायचं आणि पानाचं शेपूट धरून अंगणभर ओढायचं, हा आमचा पाऊस संपल्यावरचा खेळ. तरीही गेल्या ऑक्टोबरात माझी साडेतीन वर्षांची भाची केशरी कागदाचं पान घेऊन घरी आली. पंजासारखं, टोकं टोकं असलेलं.

"हे काय गं?"

"पान. मिसनी दिलं. आता पानगळ आलीय."

"कुठे आलीय?"

तिनं कीव केल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "आत्या, तुला काहीच माहीत नाही."

पुढच्या जूनमध्ये ती छोट्या शिशूत जाणार होती. त्याआधी मुलांना चारचौघांत बसायची, बोलायची, रंग आणि आकडे ओळखायची सवय लागावी म्हणून मी दुपारी बुद्धविहाराच्या ओसरीवर वर्ग घेत होते. आमच्या वस्तीतली पाच मुलं. त्यात पहिली माझी भाची. मग रस्त्याकडेच्या नव्या हॉलमध्ये या मिसनी तसाच वर्ग काढला. मिस माझ्याच वयाच्या, आतल्या भातशेतीच्या गावातल्या, मांडव्याहून बोटीनं मुंबईला जाऊन कोर्स करून आलेल्या. वहिनीनं भाचीला एक दिवस माझ्याकडे आणि एक दिवस तिकडे पाठवायला सुरुवात केली. दिवाळीनंतर काय ते एक ठरवू, म्हणाली.

भाची गेली तर बाकीच्या चौघांच्या आया तिच्यामागून जाणार, हे उघड होतं. पण त्या चौघांची काळजी मला मागाहून सुचली. मला ती हवी होती.

घरात दिवसभर मिस. डबा आपला आपण उघडायचा, मिस म्हणतात. रडू आलं तर कोपऱ्यातल्या चटईवर बसायचं आणि थांबलं की परत यायचं, मिस म्हणतात. मी सुपाऱ्या मोजायला दिल्या तर तिनं त्या आधी ओळीत लावल्या, कारण मिस ओळीत लावतात. एकदा कोथिंबीर आणायच्या निमित्तानं मी त्या हॉलवरून गेले. घरात कोथिंबीर होती. खिडकीतून दिसलं, मुलं गोल करून बसली होती, मिस अगदी हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या आणि सगळी गप्प होती. माझ्या वर्गात मला ओरडावं लागतं. आणि भाची, जी माझ्यासमोर ताठ मांडी घालून बसते, ती त्यांच्या मांडीवर रेलली होती. मी कोथिंबीर न घेताच घरी आले.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या बाबांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढली. रस्त्यासाठी, पाण्यासाठी, विहारासाठी. पहिला शब्द ठसठशीत हवा, चालत्या एसटीतून वाचता आला पाहिजे, हा त्यांचा दंडक. जाहीर सभा, जाहीर आवाहन, जाहीर निषेध. मला अक्षरं त्यांवरूनच लागली आणि मी भाचीलाही तशीच लावत होते. तिनं ओळखलेला पहिला शब्द 'जाहीर'. आई नाही, बाबा नाही, जाहीर.

तेव्हा त्या पानाबद्दल मला चार दिवस चडफडत बसलेलं बघून बाबा म्हणाले, "बोलून काय व्हतंय? पत्रक काढ."

मी काढलं. वर मोठ्या अक्षरात 'जाहीर निषेध', खाली 'आमच्या मुलांना परकी पानं कशासाठी?' शाळेची तयारी अंगणातूनच होते, असं लिहिलं. शिंपले लहान-मोठे लावता येतात, सुपाऱ्या मोजता येतात, भाताची लोंबी हातात चोळून वास घेता येतो. जे झाड मुलानं कधी बघितलं नाही, त्याचं पान चिकटवून त्याला ऋतू कसा कळेल? यातला शब्द न् शब्द मला आजही मान्य आहे.

बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मुलांना मांडीवर घेणं म्हणजे शिकवणं नव्हे, अशी ती ओळ होती.

"ह्याचा पानांशी संबंध न्हाय."

"आहे, बाबा."

"न्हाय. ह्ये दुसरंच कायतरी हाय. काढ, न्हायतर त्याचं वेगळं पत्रक कर."

मी ती ओळ काढली नाही. झेरॉक्सच्या दुकानात त्या दिवशी रंगीत कागद एकाच रंगाचा शिल्लक होता, केशरी. मी तोही चालवून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी बाहेरून आले तर भाची ओटीवर बसलेली. शेजारी वाटीत उरलेला भात. माझ्या वर्गासाठी वाळवून ठेवलेली विरी समोर, आणि पत्रकांचा गठ्ठा मांडीखाली. एकेक पत्रक फाडून ती वेडीवाकडी टोकदार पानं करत होती आणि भाताच्या शितांनी विरीवर चिकटवत होती. माझा निषेध तुकड्यातुकड्यांनी सगळ्या विरीवर पसरला होता.

"बघ आत्या," ती म्हणाली. "आपल्याकडे पण आली पानगळ."

माझा राग जिथे होता तिथेच बसला. मी विचारलं, "माझ्यासाठी केलंस?"

"नाही. मिससाठी."

वहिनी आतून हसली. "ताई, आता तुम्हीच ती विरी ओढत न्या तिकडे. पत्रक वाटायला जाणारच होतात ना?"

नेलं. रस्ताभर विरी मी ओढली आणि पानं पडू नयेत म्हणून भाची मागून वाकून चालली. मिस पायरीवर आल्या, खाली बसल्या आणि निवांतपणे तुकडे वाचायला लागल्या.

"परकी पानं क," त्यांनी वाचलं. "पुढे? इथे 'मांडीवर घेणं' आहे. हे कोणाबद्दल?"

"तुमच्याबद्दल," मी म्हणाले.

"अर्धाच निषेध मिळालाय मला. उरलेला तोंडी सांगा."

मी सांगितला, उभ्यानं, विहारात बोलते त्या आवाजात. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग म्हणाल्या, "पानाचं बरोबर आहे तुमचं. कोर्सच्या फायलीत होती, मी कापली. मांडीचं नाही पटलं. पहिल्या आठवड्यात ही रडून रडून उलटी करायची. घेतली मांडीवर." आणि विरी उचलून बघत विचारलं, "हिच्यात मूल मावतं?"

तेवढ्यात भाचीनं एका पानावर बोट ठेवलं आणि आतल्या मुलांना ऐकू जाईल असं वाचलं, "जाहीर." मिसनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही माझी झाली. ती वळली आणि मिसच्या मांडीवर जाऊन बसली.

दिवाळीनंतर दादानं तिला तिकडेच घातलं. माझ्या ओसरीवर आता दोन मुलं उरलीत. त्या हॉलच्या भिंतीवर केशरी पानं नाहीत, भाताच्या लोंब्या लटकतात. आठवड्यातून एकदा मी तिथे विरी घेऊन जाते, कारण मिसनी बोलावलं आणि नाही म्हणायला माझ्याकडे तत्त्व सापडलं नाही. मी पानाचं शेपूट धरून पुढे पळते, भाची मागे विरीत बसलेली असते. ती माझ्या पाठीमागून ओरडते, "मिस, बघा." दर खेपेला तेच. दर खेपेला मला ते तसंच लागतं.

तुमच्या घरात शाळेत जायच्या बेतातलं मूल असेल, तर या आठवड्यात एवढं करा. तुमच्या दारात जे पडतं ते उचला. विरी, शिंपला, लोंबी, काहीही. ते त्याच्या बालवाडीत नेऊन तिथल्या बाईंच्या हातात द्या. आणि मूल त्यांनाच "बघा" म्हणालं, तर ओढणं थांबवू नका.