नियंत्रणातले साहेब

आपत्तीच्या वेळी लोकांशी कसं बोलावं, याचं एक शिबिर घोडबंदर रोडवरच्या हॉलमध्ये होतं. मी तिथे खोटी पत्रकार म्हणून गेलेले. साहेब लोकांना आडवेतिडवे प्रश्न विचारायचे, एवढंच माझं काम. त्यांत अग्निशमन दलाचे एक साहेब होते. माइक दिसला की टोपी सरळ करायचे, घसा खाकरायचे आणि प्रश्न यायच्या आधीच सांगायचे, "परिस्थिती नियंत्रणात आहे." चहाला उशीर झाला तेव्हाही तेच म्हणाले.

शिकवणाऱ्या बाई कावल्या. "माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. लोकांनी काय करायचं ते आधी सांगा!" साहेब मान डोलवायचे आणि पुन्हा सगळं नियंत्रणात आणायचे.

तेवढ्यात त्यांच्या बायकोचा फोन आला. कोपरला त्यांच्या बिल्डिंगमध्ये गॅसचा वास येत होता. साहेब माइकसमोरच उभे होते. "अगं, कुठल्याही बटणाला हात लावू नकोस. आईला घेऊन जिन्याने खाली जा, शेजाऱ्यांनाही बाहेर काढ. वास कुठून येतोय मला माहीत नाही. गाडी पाठवतो, कळलं की सांगतो."

थोड्या वेळाने सगळे सुखरूप असल्याचा फोन आला. बाई म्हणाल्या, "साहेब, मघाशी बोललात ना, तेच माइकवर बोला!"

साहेब गोंधळले. "अहो मॅडम, ती घरची माणसं. पब्लिकला असं कसं सांगणार?"

मीही कोपरलाच राहते. आसपास कुठे काही पेटलं की टीव्हीवर परिस्थिती नियंत्रणात असते, आणि मला एकच चुटपुट लागते. त्यांच्या बायकोचा नंबर घ्यायला हवा होता.