भुयारातली पेटी

रविवार, ८ जानेवारी १९८४. सकाळी सव्वासात वाजता आम्ही दोघे कन्नडच्या एसटीत बसलो. माझ्याजवळ कंदील, रॉकेलची बाटली आणि मोजणीचा कापडी टेप होता. सोबत्याजवळ फक्त एक दोर होता. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तो फिटर आणि मी नकाशे काढणारा. पंधरा वर्षे एका बाकावर बसून डबा खाल्ला होता.

दिवाळीत त्याचे वडील वारले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी त्याला सांगितले, "डोंगरातल्या भुयारात माझी पेटी हाय." नामांतराच्या दंगलीत गावातले त्यांचे घर जाळले गेले, तेव्हा एका धनगराने त्यांना त्या भुयारात लपवले होते. पुढे ते शहरात मुलाकडे आले आणि त्या बाजूला पुन्हा फिरकले नाहीत. आता वाळूजकडे कारखाने उभे राहत होते आणि खडीसाठी डोंगर फुटत होते. भुयाराच्या डोंगरावर सोमवारी सुरुंग लागणार होता.

मी सोबत निघालो, कारण तो 'चल' म्हणाला. नाही म्हणायला कारण होते. ते सांगण्यासारखे नव्हते. त्या दंगलीच्या दिवसांत तो स्वतः सत्याग्रहात पकडला जाऊन हर्सूलच्या तुरुंगात होता. माझे घर तुरुंगापासून हाकेच्या अंतरावर. त्याचे वडील तेव्हा एका संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन गेले होते. हे मी त्याला साडेपाच वर्षांत सांगितले नव्हते. म्हाताऱ्यानेही सांगितले नसावे, एवढे मला त्याच्या वागण्यावरून कळत होते. का सांगितले नाही, ते कळत नव्हते.

कन्नडहून जीपने आणि पुढे पायी गेलो. तोच धनगर डोंगराच्या पायथ्याशी मेंढरांजवळ उभा होता. माझ्या हातातला टेप पाहून त्याने विचारले, "ह्ये कशाला, सायेब? भुयार पळून जातंय का काय?"

"लांबी मोजून ठेवावी म्हणतो."

"मोजा, मोजा. उद्या ऱ्हाईल तेवढी लांबी."

भुयाराचे तोंड निवडुंगाआड होते, बैलगाडी जाईल एवढे. धनगराने एक मेंढी तिथल्या दगडाला बांधली आणि तिचे कोकरू उचलून सोबत्याच्या हातात दिले. मी कारण विचारले.

"आत दिवा गेला का दिशा कळत न्हाई. पिल्लू आत असलं का आई वरडत ऱ्हाती. त्या आवाजावर चालायचं. म्हाताऱ्यालाबी मी असंच ठिवलं व्हतं. गावात निवांत असलं का मेंढी बांधायची, म्हंजी त्यानं पान्याला भायेर यायचं. मेंढी न्हाई, तर भायेर न्हाई."

आम्ही तिघे आत गेलो. ती माणसाने कोरलेली लेणी नव्हती. लाव्हारस वाहताना वरचा थर आधी थिजला, आतला रस पुढे निघून गेला, आणि नळीसारखी पोकळी उरली. छताला दगडाचे थेंब गोठलेले होते. जमिनीवर दोराच्या वेटोळ्यांसारख्या वळ्या होत्या, त्यांच्यावर वटवाघळांच्या विष्ठेचा मऊ थर. मी टेपचे टोक धनगराकडे देऊन मोजत होतो. पहिल्या वळणानंतर उजेड संपला. मागून मेंढीचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या वळणाशी छत खाली आले. तिथे एका कोनाड्यात पेटी होती. पत्र्याची, गंजलेली. सोबत्याने कोकरू धनगराकडे दिले, गुडघ्यांवर बसून कडी काढली. एक लुगडे. काच तडकलेली तसबीर. गुंडाळलेली जुनी कागदपत्रे. आणि कारखान्याच्या हजेरीकार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलेली एक चिठ्ठी.

त्याने ती कंदिलाजवळ धरली. अक्षर त्याचेच होते, तुरुंगात जाण्याआधी वडिलांना लिहून दिलेले. माझा पत्ता, आणि खाली, 'काही झालं तर इथे जा. आपलाच माणूस आहे.'

"आबा तुझ्याकडं आलेच नाहीत मग?" त्याने विचारले.

मी उत्तर देण्याआधी धनगर बोलला, "गेल्ता की. चालत गेल्ता हर्सूलला. तिसऱ्या दिशी मागं आला. म्हनला, दाराला कुलूप व्हतं, मंडळी गावाला गेलेली."

सोबती हलकेच म्हणाला, "हां. तेव्हा तू नसशील."

म्हाताऱ्याने खोटे सांगून मला सोडवून ठेवले होते. मान हलवली असती तर भागले असते. धनगर कोकराच्या पाठीवरून हात फिरवत होता. मी टेप गुंडाळायला घेतला आणि थांबलो.

"कुलूप नव्हतं," मी म्हणालो. "दार मीच उघडलं होतं."

त्याने हातातली चिठ्ठी खाली केली.

"घरी थोरले बंधू आले होते. बैठकीच्या खोलीत बसले होते. मी आबांना म्हणालो, आज पाहुणे आहेत, उद्या बघू."

"पाणी दिलंस?"

"दिलं."

"कसं?"

पंधरा वर्षे मी त्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली होती. म्हणून त्याने हे विचारले आणि म्हणून ते सांगणे भाग होते. "ओंजळीत. वरून ओतलं."

धनगराने मान फिरवली. सोबत्याने चिठ्ठी घडी करून पेटीत ठेवली, कडी लावली, पेटीला दोर बांधला. मी हात लावायला पुढे झालो.

"राहू द्या," तो म्हणाला. तोवर त्याने मला कधी अहोजाहो केले नव्हते.

पेटी डोक्यावर घेऊन तो अंधारात निघाला. कंदील माझ्याजवळ होता. तो त्याने मागितला नाही. मेंढीच्या आवाजावर चालत गेला. एकदा पेटी छताला लागल्याचा आवाज आला, मग पावले लांब गेली. मी बाहेर आलो तेव्हा कोकरू आईला पीत होते आणि सोबती उतारावर बराच खाली पोचला होता. धनगर मला एवढेच म्हणाला, "म्हातारा तुमास्नी नावं ठिवत नव्हता, सायेब."

परतीच्या एसटीत तो चालकामागे बसला, पेटी मांडीवर. मी शेवटच्या बाकावर. बसस्थानकात तो उतरून सरळ गेला. पुढे कारखान्यात तो आणखी नऊ वर्षे होता. कामाचे बोलणे होत असे. डबा तो यंत्राजवळ उभ्याने खाई. तो निवृत्त झाला, तेव्हा निरोपाच्या चहाला मी होतो. त्याने माझ्या हातून कप घेतला आणि तो तसाच टेबलावर ठेवला.

भुयाराची पूर्ण लांबी माझ्याकडे नाही. मोजणी दुसऱ्या वळणापर्यंतच झाली. सोमवारी सुरुंग ठरल्याप्रमाणे लागला.

त्या रविवारी मी सहाच्या सुमारास हर्सूलला पोचलो. दार उघडे होते. कंदिलातले रॉकेल बाटलीत परत ओतले, काच राखेने पुसली. टेप विष्ठेने आणि ओलीने माखला होता. तो नळाखाली धुतला, अंगणातल्या दोरीवर पूर्ण उलगडून वाळत घातला, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही टोकांना चिमटे लावले.