‘एम्युलस’ म्हणजे जळकुकडी नव्हे

मार्गशीर्षातला पहिला रविवार. परंड्याच्या घरी चौघं होतो: शालूताईंचे यजमान, धाकटे दीर दत्ताभावजी, त्यांची मुलगी पूजा आणि मी. ताईंना जाऊन महिना झाला होता. त्यांची पुस्तकं कुणाला द्यायची ते ठरवायचं होतं. काम तासाभराचं, पण पूजानं इंग्रजीचा जाड शब्दकोश उचलला आणि ते तिथंच थांबलं...

शालूताई माझ्या थोरल्या जाऊबाई. शाळेत इंग्रजी शिकवायच्या. नवा शब्द भेटला की तो आपल्यातल्या कुणाला लागू पडतो, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. गेल्या श्रावणात त्यांना ‘एम्युलस’ सापडला. पूजाचा भाऊ तेव्हा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला धाराशिवला राहायला गेला होता आणि पूजालाही जायचं होतं.

“भावानं केलं की हिला पायजेच. जळकुकडी हाय नुसती,” दत्ताभावजी म्हणाले.

“जळकी नाही, एम्युलस आहे ती.”

“म्हंजी काय रोग हाय का, वहिनी?”

ताई खूप हसल्या. दुसऱ्याला बघून त्याच्या बरोबरीला, जमलं तर पुढं जायची ओढ लागलेला माणूस, असा अर्थ त्यांनी सांगितला. शब्द आता फारसा कुणी वापरत नाही, आणि जुन्या इंग्रजीत ‘मत्सरी’ असाही अर्थ होता, हेही लपवलं नाही. मग फरक काय? मलाही तो कळला नव्हता.

ताई आम्हाला भावजींच्याच सोयाबीनमध्ये घेऊन गेल्या. खुरपणी चालली होती. एकेका बाईला एकेक पात, म्हणजे खुरपायचा पट्टा. रखमा पुढं निघाली तशी शेजारची पारू चेकाळली.

“थांब, तुला मागं टाकते!”

“ये की! सासूला बी बोलव हाताखाली!”

पारू आधी बांधाला पोचली. मग रिवाजाप्रमाणं वळली आणि रखमाची राहिलेली पात समोरून खुरपत आली.

“रखमा पुढं नसती, तर पारूचा हात एवढा चालला असता का?” ताईंनी विचारलं. “आणि जळत असती, तर परत वळली असती का?”

भावजी बांधावर उकिडवे बसले. “बघू,” म्हणाले.

त्यानंतर ताई दर फोनला त्यांना विचारायच्या, पूजाला पाठवायचा विचार झाला का? दिवाळीनंतर समोर बसून बोलायचं ठरलं होतं. त्याआधीच त्या गेल्या...

त्या रविवारी भावजी पूजाला म्हणाले, “ने तो कोश, काकीची आठवण.”

“आणि धाराशिवचं?” मी विचारलं.

“वहिनी असत्या तर बोललो असतो,” म्हणत त्यांनी चपला घातल्या.

पुस्तकं वाटून झाली, कपाट रिकामं झालं. धाराशिवच्या क्लासचे प्रवेश महिनाअखेरीला बंद होतील. भावजींच्या समोर बसायचं तेवढं राहिलंय, आणि आता ते माझ्याकडं आहे.