नाव काटणारे हेडमास्तर

"नाव काटा!" हजेरी संपली की आमचे हेडमास्तर एवढंच म्हणायचे. लाल शाईचा टाक स्वतःच माझ्यापुढं करायचे. पोर का आलं नाही, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील.

उमरग्याच्या जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या एका गावात मी नवा मास्तर म्हणून लागलो, ते दुष्काळाचं वर्ष. आईबाप रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात आणि पोरं त्यांच्यामागं. हेडमास्तरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. इतकी वर्षं त्या शाळेत काढून एकाही पोराचं नाव त्यांना येत नव्हतं. "ए शेंबड्या", "ए झिपरे" यावर भागायचं. पोरांच्या रांजणातल्या पाण्यानं मात्र त्यांचं धोतर रोज धुतलं जाई.

"सर, शाळा आपली वाटली तर येतील पोरं," मी एकदा म्हणालो.

"शाळा काय मावशीचं घर हाय का?" ते म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले.

बौद्ध वस्तीतली रमा चौथीत होती. गणितात लई हुशार. ती आईबरोबर खडीवर जाऊ लागली आणि तिचंही नाव काटलं गेलं. काटलं माझ्याच हातानं.

मग तपासणीला साहेब येणार असं कळलं. हेडमास्तरांची झोप उडाली. "वर्ग भरलेला दिसला पायजे. खडीवरून पोरं आणा. सुकडी देऊ म्हणावं." दुष्काळात पोरांसाठी सरकारकडून सुकडीची, म्हणजे गोड कोरड्या पिठाची, पोती यायची. मी गेलो, शब्द दिला, पोरं आणली. त्यांच्या भुवयांवर दगडाची धूळ होती.

साहेबांनी हेडमास्तरांकडं बोट करून रमाला विचारलं, "हे कोण आहेत, बाळ?"

"ठाव न्हाय. नावं काटत्यात ते आमची."

साहेब पोरीची गंमत समजून हसले, जेवले, गेले. जीप वळताच हेडमास्तर सुकडीच्या पोत्यापुढं उभे राहिले. "ज्याचं नाव न्हाय, त्याला सुकडी न्हाय!"

पोरं ओचे, सदरे पसरून तशीच उभी.

"सर, मी शब्द दिलाय."

"तुमी दिलाय. म्या न्हाय."

एवढ्या क्षुद्र माणसाला मी इतके दिवस 'सर' म्हणत होतो याची मला लाज वाटली. मी त्यांना बाजूला सारलं आणि ओंजळीनं सुकडी वाटली. त्यांनी माझी तक्रार केली. तालुक्याला तेव्हा मोठ्या चिंता होत्या. कागद तिथंच पडून राहिला.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी फळा घेऊन खडीवर जाऊ लागलो. रमा हाका मारून पोरं गोळा करायची. पुढच्या पावसाळ्यात ती सगळी पोरं शाळेत परतली आणि त्यांची नावं मी पुन्हा लिहिली.

हेडमास्तरांची उमरग्याला बढती झाली. अशांची बढतीच होते. निघायच्या दिवशी फाट्यावर मी होतो, कारण त्यांची ट्रंक उचलायला दुसरं कुणी आलं नाही. त्यांनी दोनदा शाळेकडं पाहिलं.

"पोरं धाडा की जरा, निरोपाला."

"मधली सुट्टी चाललीय. यायचं तर येतील ती."

मैदानात रमा आणि तिच्या मैत्रिणी फुगड्या घालत होत्या. त्यांचा आरडाओरडा फाट्यापर्यंत येत होता. कुणी आलं नाही. एस.टी. आली, त्यांनी रुमालानं सीट पुसली आणि बसले.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. परत येऊन मी मधली सुट्टी अर्धा तास लांबवली.