खिशात राहिलेला जेट

आमच्या शेजारच्या मिस्त्रींना अख्खी गल्ली वाफवाले म्हणते. नाव मीच ठेवलंय आणि ते चिकटलंही झकास. इंजिनात पेट्रोलसोबत पाणी फवारायचं, असं ते पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा मी विचारलं होतं, साबणही घालणार का?

चिडले नाहीत. पाण्यातून ताकद निघत नाही, म्हणाले. पण चढावर इंजिन तापलं की ठिणगीची आग पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल आपणहून भडकतं आणि आतून खडखड येते. हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार आत गेले तर वाफ होताना ते उष्णता ओढून घेतात आणि खडखड थांबते. मग ठिणगी जराशी आधी पाडता येते, तेवढ्याच पेट्रोलात जोर वाढतो. पाणी जास्त झालं तर मात्र गाडी मलूल. त्यांनी थोरल्या मुलीच्या मालाच्या व्हॅनला हे सगळं बसवलं, ठिणगीचं टायमिंग पुढे घेतलं, आणि व्हॅन डोंगरावर कुरकुर न करता चढू लागली.

त्या दिवशी सकाळी वहिनी त्यांचा धुवायचा शर्ट घेऊन अंगणात आल्या. खिशात हे काय, म्हणाल्या. पाणी फवारणारा पितळी जेट होता. आदल्या संध्याकाळी साफ करायला काढला, त्याच्या जागी भोकात तात्पुरता स्क्रू लावला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि जेट खिशातच राहिला.

वाफवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. थोरली पहाटेच कपाटं लादून डोंगरावर निघालेली. पाणी बंद आणि टायमिंग पुढे, म्हणजे खडखड पहिल्यापेक्षाही जोरात. तिनं पिस्टनला भोक पडलं तर भरलेली गाडी चढावरच बंद पडणार.

फोन लावला, उचलेना. चालवताना फोन घ्यायचा नाही हा त्यांचाच नियम. पोरीनं तुमचं ऐकायला आजचाच दिवस निवडला, असं मी म्हणालो. कुणी हसलं नाही. वाफवाले स्कूटर सुरू करत, फोन वाजला तर ऐकू येणार नाही म्हणून बंद करत, पुन्हा सुरू करत.

शेवटी फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, खडखड ऐकली आणि थांबले. पाणीच येत नाहीये. टायमिंग जुन्या खुणेवर मागे घेतलंय."

"खडखडत किती चालवलीस?"

"पहिल्या वळणापर्यंत. ओरडू नका हं."

ओरडले नाहीत. "इंजिन चालू कर आणि फोन जवळ धर."

आम्ही तिघं त्या फोनभोवती वाकून उभे. वहिनींनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, वाफवाल्यांनी हात वर केला. रेस दे, म्हणाले. आणखी दे. डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. मला ती नुसती घरघर वाटत होती.

"बरं. पहिल्या गियरमध्ये सावकाश खाली ये. जरा जरी खडखडली तरी जागच्या जागी बंद कर."

फोन ठेवला आणि ते हेल्मेट शोधू लागले.

"अहो, आवाज साफ होता ना?" वहिनींनी विचारलं.

"फोनवर साफ होता," असं म्हणून त्यांनी स्कूटरला किक मारली.